मालिकावाचकाचा अपेक्षाभंग : अगाथा क्रिस्टी यांच्या ‘पोस्टर्न ऑफ फेट’ या कादंबरीच्या संदर्भात

प्रस्तावना

वाङ्मयसमीक्षेत वाचकाच्या आनंदाची चर्चा विपुल झाली आहे. त्याच्या निराशेची चर्चा मात्र तुलनेने कमी झालेली दिसते. एखादी कलाकृती वाचकाला आवडली नाही, तर तो त्याच्या वैयक्तिक रुचीचा प्रश्न मानला जातो आणि समीक्षक पुढे जातो. परंतु ‘पुस्तक आवडले नाही’ आणि ‘अपेक्षाभंग झाला’ ही दोन विधाने एकच नव्हेत. पहिल्या विधानाला पूर्वानुभवाची गरज नसते. दुसरे विधान मात्र पूर्वी काही मिळाले होते आणि आता ते मिळाले नाही, असे सांगते. म्हणजेच अपेक्षाभंगाच्या मुळाशी तुलना असते व तुलनेच्या मुळाशी वाचनाचा साठा असतो.

हा अनुभव सर्वाधिक तीव्रतेने येतो तो मालिकेच्या वाचकाला. एकाच लेखकाची, त्याच पात्रांची चार-पाच पुस्तके ज्याने प्रेमाने वाचली आहेत, तो वाचक नव्या पुस्तकाकडे कोऱ्या मनाने येत नाही. अशा वाचकाची निराशा ही केवळ तक्रार आहे की तिला समीक्षेचे मूल्य आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी अगाथा क्रिस्टी यांची १९७३ साली प्रसिद्ध झालेली ‘पोस्टर्न ऑफ फेट’ ही कादंबरी निवडली आहे. टॉमी आणि टपेन्स बेरेसफर्ड या दांपत्याच्या मालिकेतील ही पाचवी आणि शेवटची कृती. क्रिस्टी यांनी लिहिलेली ही शेवटची कादंबरीही होय. १९७५ मध्ये आलेली ‘कर्टन’ आणि १९७६ मध्ये, त्यांच्या निधनानंतर आलेली ‘स्लीपिंग मर्डर’ या दोन्ही कादंबऱ्या त्यांनी अनेक वर्षे आधीच लिहून ठेवल्या होत्या.

‘पोस्टर्न ऑफ फेट’ ही क्रिस्टी यांच्या दुबळ्या कादंबऱ्यांपैकी एक आहे, याविषयी अभ्यासकांत फारसे दुमत नाही. त्यामुळे ती दुबळी आहे हे पुन्हा सिद्ध करणे हा या लेखाचा हेतू नाही. ती नेमकी कोठे फसते, वाचकाला ते फसणे कशामुळे जाणवते आणि लेखिकेच्या वयाचा दाखला दिल्याने या निराशेचे निराकरण होते काय, हे तीन प्रश्न येथे विचारार्थ घेतले आहेत.

१. निवांत रहस्यकथा आणि तिचा वाचक

इंग्रजीत ‘कोझी’ या नावाने ओळखला जाणारा रहस्यकथेचा प्रकार मराठीत ‘निवांत रहस्यकथा’ म्हणून ओळखता येईल. छोटे गाव किंवा मर्यादित समाज, हौशी शोधक, पडद्याआड घडणारी हिंसा, घर, बाग, चहा, शेजारपाजार यांचे ओळखीचे वातावरण आणि अखेरीस कोड्याची समाधानकारक उकल ही या प्रकाराची सर्वसाधारण लक्षणे होत. अमेरिकेत १९८९ पासून या परंपरेतील लेखनासाठी दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांना क्रिस्टी यांचेच नाव आहे. अगाथा पुरस्कारांसाठी विचारात घेतल्या जाणाऱ्या साहित्यात उघड लैंगिक वर्णन आणि अतिरेकी हिंसा नसावी, अशी अपेक्षा ठेवली जाते.

या प्रकारात खून घडतो, तरी वाचक निवांत राहतो. हा विरोधाभास डब्ल्यू. एच. ऑडेन या कवीने १९४८ मधील ‘द गिल्टी व्हिकरेज’ या निबंधात उलगडून दाखविला आहे. ऑडेन यांच्या मते, अशा कथेतील समाज आरंभी निष्पाप अवस्थेत असतो, खुनामुळे त्या निष्पापतेला तडा जातो आणि अपराधी सापडताच ती पूर्ववत होते. याचा अर्थ असा की, निवांत रहस्यकथेतील निवांतपणा हा चहाच्या पेल्यांतून किंवा बागेच्या वर्णनांतून येत नाही. उकल होणार, या खात्रीतून तो येतो. ही खात्री काढून घेतली, तर तेच चहाचे पेले केवळ सजावट ठरतात.

त्स्वेतान तोदोरोव यांनी १९६६ मध्ये रहस्यकथेच्या रचनेविषयी मांडलेले विवेचनही येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते रहस्यकथेत दोन कथा असतात : एक गुन्ह्याची आणि दुसरी शोधाची. पहिली कथा घडून गेलेली असते, पण वाचकासमोर नसते. दुसरी कथा वाचकासमोर घडते आणि तिचे काम पहिली कथा उभी करणे हे असते. शोधाची कथा कितीही रंजक झाली, तरी गुन्ह्याची कथा अखेरीस पूर्ण झाली नाही, तर रहस्यकथेचा घाट अपुरा राहतो.

मालिकेमुळे या दोन कथांत तिसऱ्या कथेची भर पडते. ती म्हणजे पात्रांची पुस्तकापुस्तकांतून चालत आलेली कथा. उंबेर्तो एको यांनी १९८५ मधील मालिका व पुनरावृत्ती यांविषयीच्या निबंधात दाखविल्याप्रमाणे, मालिकेचा वाचक नव्या गोष्टीइतकाच ओळखीच्या गोष्टीच्या पुनरागमनातही सुख शोधतो. हान्स रॉबर्ट याउस यांच्या ‘अपेक्षांचे क्षितिज’ या संकल्पनेच्या भाषेत सांगायचे तर, मालिकावाचकाचे क्षितिज लेखकानेच आधीच्या पुस्तकांतून आखून दिलेले असते. म्हणून मालिकावाचकाची अपेक्षा हा वाचकाचा हट्ट नसून लेखकाने दिलेल्या शब्दाची आठवण असते.

२. टॉमी आणि टपेन्स : वय वाढणारी पात्रे

मालिकेतील नायक बहुधा काळाच्या बाहेर राहतो. मराठी वाचकाला बाबूराव अर्नाळकर यांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्या शेकडो कथांमधून असा नायक परिचित आहे. क्रिस्टी यांचा हर्क्यूल पॉयरो १९२० मधील पहिल्याच कादंबरीत बेल्जियन पोलीस दलातून निवृत्त झालेला आहे आणि त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ तो शोध लावीतच राहतो. मिस मार्पल १९३० मधील पहिल्या कादंबरीतच वृद्ध आहेत. काळाचा हिशेब या पात्रांना लागू होत नाही आणि वाचकही तो मागत नाही.

टॉमी आणि टपेन्स यांचे तसे नाही. ‘द सीक्रेट अ‍ॅडव्हर्सरी’ (१९२२) या कादंबरीत पहिल्या महायुद्धानंतर बेकार झालेली ही दोघे भेटतात, तेव्हा दोघांच्या वयांची बेरीजही पंचेचाळीस भरत नाही. ‘पार्टनर्स इन क्राइम’ (१९२९) या कथासंग्रहात ती विवाहित आहेत, गुप्तहेर कचेरी चालवितात आणि तत्कालीन प्रसिद्ध शोधकांच्या पद्धतींचे विडंबन करतात. ‘एन ऑर एम?’ (१९४१) मध्ये दुसरे महायुद्ध चालू आहे, त्यांची मुले मोठी झाली आहेत आणि आपल्याला आता कोणी कामाला बोलावत नाही ही मध्यमवयीन खंत दोघांच्या मनात आहे. ‘बाय द प्रिकिंग ऑफ माय थम्ब्ज’ (१९६८) मध्ये ती वार्धक्याकडे झुकली आहेत. ‘पोस्टर्न ऑफ फेट’मध्ये त्यांनी सत्तरी ओलांडली आहे.

पाच पुस्तके आणि एक्कावन्न वर्षे असा हा विस्तार आहे. १९२२ मध्ये विशीत असलेला वाचक १९७३ मध्ये या दांपत्याच्याच वयाचा झाला असणार. क्रिस्टी यांनी अन्य कोणत्याही पात्रांच्या बाबतीत वाचकाशी असे नाते जोडले नाही. या मालिकेतील नव्या पुस्तकाची वाट पाहणे म्हणजे केवळ नव्या कोड्याची वाट पाहणे नव्हते, तर जुन्या स्नेह्यांचे कसे काय चालले आहे हे जाणून घेण्याची ती ओढ होती. साहजिकच अपेक्षाभंगाची शक्यताही येथेच अधिक होती.

३. ‘पोस्टर्न ऑफ फेट’ : आश्वासन आणि पूर्तता

कादंबरीचा आरंभ अतिशय आशादायक आहे. हॉलोक्वे या गावात वृद्ध बेरेसफर्ड दांपत्याने ‘द लॉरेल्स’ नावाचे जुने घर विकत घेतले आहे. आधीच्या रहिवाशांनी मागे ठेवलेली पुस्तके टपेन्स लावीत बसली आहे. त्यांत तिला स्टीव्हन्सन यांच्या ‘द ब्लॅक अ‍ॅरो’ची प्रत सापडते. तिच्या पानांवरील काही अक्षरांखाली कोणी मुलाने रेघा ओढल्या आहेत. ती अक्षरे जुळविली असता एक संदेश तयार होतो : मेरी जॉर्डन या व्यक्तीचा मृत्यू नैसर्गिक नव्हता आणि अपराधी घरातलाच कोणी आहे. संदेश लिहिणारा अलेक्झांडर पार्किन्सन हा मुलगाही लहानपणीच मरण पावला, हे टपेन्सला त्याच्या थडग्यावरून कळते.

रहस्यकथेचा यापेक्षा चांगला आरंभ क्वचितच आढळेल. जुने घर, मुलाचे पुस्तक, अनेक दशके कोणी न वाचलेला आरोप आणि तो वाचणारी वृद्ध स्त्री यांत निवांत रहस्यकथेची सर्व सामग्री आहे. ‘एन ऑर एम?’मध्येही लहान मुलीच्या पुस्तकाचा धागा हेरगिरीच्या उकलीशी जोडला गेला होता, हे जाणणारा मालिकावाचक तर अधिकच उत्सुक होतो.

परंतु आरंभीच्या या प्रकरणांनंतर शोध पुढे सरकत नाही. टपेन्स गावातील वृद्धांना भेटते, टॉमी लंडनमधील जुन्या परिचितांना भेटतो आणि प्रत्येक भेटीत तेच बोलणे थोड्याफार फरकाने पुन्हा होते. कोणाला तरी कोणाकडून काहीतरी ऐकल्याचे आठवते, त्याला नाव आठवत नाही, साल आठवत नाही, ते युद्धापूर्वीचे की नंतरचे याची खात्री नसते. एका पात्राकडून मिळालेली माहिती दुसऱ्याच्या माहितीशी ताडून पाहिली जात नाही. मेरी जॉर्डन जर्मन हेर होती अशी गावातील समजूत, ती प्रत्यक्षात ब्रिटिशांसाठी काम करीत होती हा उलगडा, त्यामागचे राजकीय कारस्थान आणि त्या कारस्थानाचे पुढील पिढीपर्यंत पोहोचलेले धागे हे सारे कर्नल पाइकअवे, मिस्टर रॉबिन्सन यांसारख्या जाणत्या व्यक्तींच्या मोघम संभाषणांतून सूचित होते. पुराव्याने सिद्ध होत नाही.

वर्तमानकाळात आयझॅक हा वृद्ध माळी मारला जातो. टपेन्सवर गोळी झाडली जाते. बागकामासाठी आलेल्या मिस मुलिन्सचे खरे रूप उघड होण्यात हॅनिबल या कुत्र्याचाही वाटा असतो. या घटनांत भीती उत्पन्न करण्याची क्षमता आहे. परंतु आयझॅकच्या मृत्यूनंतर कथा फार थोडा वेळ थांबते आणि पुन्हा गप्पांकडे वळते. ऑडेन यांनी सांगितलेला निष्पापतेचा तडा येथे पडतच नाही आणि म्हणून तो सांधला गेल्याचे समाधानही मिळत नाही. मेरी जॉर्डनला आणि त्या मुलाला प्रत्यक्ष कोणी मारले, या आरंभीच्या प्रश्नाला वाचकाचे समाधान करील असे स्पष्ट उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही. तोदोरोव यांच्या परिभाषेत सांगायचे तर, येथे शोधाची कथा पसरत जाते, पण गुन्ह्याची कथा उभी राहत नाही.

याचे एक नेमके उदाहरण घेता येईल. मेरी जॉर्डनच्या मृत्यूचे कारण फॉक्सग्लोव्ह या विषारी वनस्पतीची पाने पालेभाजीत मिसळली जाणे हे होते, असे कादंबरीत कळते. ही युक्ती क्रिस्टी यांच्या वाचकाला नवीन नाही. ‘द थर्टीन प्रॉब्लेम्स’ (१९३२) या संग्रहातील ‘द हर्ब ऑफ डेथ’ या कथेतही सेजच्या पानांत फॉक्सग्लोव्हची पाने मिसळली जातात, जेवणारे सगळे आजारी पडतात आणि एका तरुणीचा मृत्यू होतो. तेथे मिस मार्पल नेमका प्रश्न विचारतात : सगळ्यांनी तेच अन्न खाल्ले, तर मृत्यू एकीचाच का झाला? त्या प्रश्नातून पानांची सरमिसळ हे केवळ आवरण होते आणि खरे विष वेगळ्या मार्गाने दिले गेले, हे उघड होते. एका छोट्या कथेत एक पान संपूर्ण तर्काचा आधार होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात औषधे तयार करण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या लेखिकेचे विषविषयक ज्ञान तेथे कथेच्या कामी आले आहे. १९७३ च्या कादंबरीत तेच पान आहे; मात्र त्याविषयी तसा एकही प्रश्न विचारला जात नाही. ‘द हर्ब ऑफ डेथ’ ज्याने वाचली आहे, त्याला हे तत्काळ जाणवते. ज्याने वाचलेली नाही, त्याला कथा थोडी सैल वाटेल एवढेच. मालिकावाचकाची निराशा अधिक जाणती असते, ती या अर्थाने.

४. आठवण आणि पुरावा

या दोषांचे स्पष्टीकरण ‘वृद्ध लेखिका, वृद्ध पात्रे, विस्मरणाचा विषय’ असे देऊन कादंबरीची बाजू घेता येईल. आठवणींचा गोंधळ हाच या कादंबरीचा विषय आहे, असे म्हणण्याचा मोह होणे शक्य आहे. परंतु या युक्तिवादाला उत्तर याच मालिकेतील आधीच्या पुस्तकात मिळते.

‘बाय द प्रिकिंग ऑफ माय थम्ब्ज’ ही कादंबरी केवळ पाच वर्षे आधीची आहे. तिचाही विषय वार्धक्य आणि स्मृती हाच आहे. टॉमीच्या आत्याला भेटण्यासाठी हे दांपत्य सनी रिज या वृद्धाश्रमात जाते. तेथे दुधाचा पेला हातात घेऊन बसलेल्या मिसेस लँकेस्टर नावाच्या वृद्धा टपेन्सला एका मृत मुलाविषयी विचित्र प्रश्न विचारतात. आत्याच्या निधनानंतर तिच्या खोलीतील एका चित्रातले घर टपेन्सला ओळखीचे वाटते. आपण ते कोठे पाहिले हे तिला आठवत नाही. मिसेस लँकेस्टर यांना तोवर वृद्धाश्रमातून हलविण्यात आलेले असते.

येथेही सर्व काही अस्पष्ट आठवणींवर आधारलेले आहे. फरक असा की, येथील प्रत्येक आठवण तपासली जाते. टपेन्स आगगाडीचे जुने प्रवास आठवून, मार्ग ताडून पाहून ते घर शोधून काढते. चित्रात नंतर कोणीतरी नाव रंगविली आहे, हे चित्रकाराच्या पत्नीकडून कळते. वृद्धेचे बरळणे वाटलेला प्रश्न हाच कादंबरीतील सर्वांत महत्त्वाचा पुरावा ठरतो आणि तो विचारणारी वृद्धाच मुलांची मारेकरी निघते. ही कादंबरी निर्दोष नाही. तिचा मधला भाग रेंगाळतो. पण वृद्ध माणसाचे बोलणे जग ऐकत नाही आणि त्या न ऐकण्यातच धोका लपलेला असतो, हे भयावह सत्य ती कोड्याच्या रचनेतूनच सांगते.

दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवल्या असता भेद स्पष्ट होतो. पहिल्या कादंबरीत आठवणीचे पुराव्यात रूपांतर होते. दुसरीत आठवण ही आठवणच राहते. स्मृती हा विषय असणे आणि रचनेला विस्मरण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत अभिनवगुप्तांनी सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी ‘स्फुटत्वाभाव’ आणि ‘अप्रधानता’ ही दोन विघ्ने येथे आठवतात. जे स्पष्टपणे प्रतीत व्हावे ते स्पष्ट होत नाही आणि जे गौण असावे ते प्रधान होऊन बसते. रसविघ्नांचा विचार नाट्यानुभवाच्या संदर्भातील असला, तरी आस्वादात अडथळा नेमका कोठे येतो हे सांगण्यासाठी तो येथेही मार्गदर्शक ठरतो.

५. कारणमीमांसा आणि मूल्यमापन

२००९ मध्ये टोरोंटो विद्यापीठातील इअन लँकशर आणि ग्रॅम हर्स्ट यांनी क्रिस्टी यांच्या वेगवेगळ्या वयातील कादंबऱ्यांच्या शब्दसंपत्तीचा संगणकाच्या साहाय्याने अभ्यास केला. अखेरच्या कादंबऱ्यांत वेगवेगळ्या शब्दांची संख्या घटते, त्याच त्या शब्दसमूहांची पुनरावृत्ती वाढते आणि ‘काहीतरी’, ‘गोष्ट’ यांसारख्या अनिश्चित शब्दांचे प्रमाण वाढते, असे त्यांना आढळले. ‘एलेफंट्स कॅन रिमेंबर’ (१९७२) या कादंबरीतील शब्दसंपत्ती ‘डेस्टिनेशन अननोन’ (१९५४) या कादंबरीच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली दिसली. ही स्मृतिभ्रंशाची चिन्हे असू शकतात, असे या संशोधकांनी सुचविले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात क्रिस्टी यांच्याबरोबर आयरिस मर्डॉक आणि पी. डी. जेम्स यांचेही लेखन तपासण्यात आले. मर्डॉक यांना स्मृतिभ्रंश झाल्याचे निदान झालेले होते. जेम्स यांच्या लेखनाकडे निरोगी वार्धक्याचे उदाहरण म्हणून पाहिले गेले. क्रिस्टी यांच्या बाबतीत मात्र त्यांच्या हयातीत असे निदान झाल्याचा दाखला नाही. म्हणून शब्दगणनेवरून काढलेल्या अनुमानाला अनुमानच मानणे योग्य होय.

या संशोधनाचे महत्त्व मान्य करूनही एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. कारण कळल्याने दोष क्षम्य ठरतो; तो नाहीसा होत नाही. १९७३ मध्ये ज्या वाचकाला कादंबरीतील संभाषणे एकाच जागी फिरताना दिसली, त्याच्यापाशी संगणक नव्हता. त्याच्यापाशी आधीची चार पुस्तके होती. संशोधकांनी शब्द मोजून जे दाखविले, त्याची जाणीव त्या वाचकाला वाचनातून आधीच झाली होती. अशा वाचकाची निराशा कृतघ्नपणाची मानणे अन्यायाचे ठरेल. उलट, लेखिकेचे सामर्थ्य काय होते हे त्याच्याइतके जवळून अन्य कोणी जाणत नव्हते.

यासंदर्भात प्रकाशनव्यवहाराचाही विचार करावा लागतो. इंग्लंडमध्ये नाताळच्या सुमारास क्रिस्टी यांचे नवे पुस्तक येणे ही वाचकांची आणि पुस्तकविक्रेत्यांची अनेक वर्षांची सवय झाली होती. १९७० ते १९७३ या चार वर्षांत दरवर्षी त्यांची नवी कादंबरी प्रसिद्ध झाली. दरवर्षीचे पुस्तक हे आश्वासन बाजाराचे होते. चांगली उकल हे आश्वासन लेखिकेचे होते. पहिले आश्वासन पाळण्याच्या ओघात दुसरे मोडले गेले. १९७४ मध्ये मात्र नव्या कादंबरीऐवजी ‘पॉयरोज अर्ली केसेस’ हा जुन्या कथांचा संग्रह आला आणि १९७५ मध्ये जपून ठेवलेली ‘कर्टन’ बाहेर काढण्यात आली. जुन्या लेखनाकडे वळण्याचा हा मार्ग वाचकाच्या व लेखिकेच्याही दृष्टीने अधिक हिताचा होता.

६. फसलेली कादंबरी, उरलेले घर

कादंबरीची एक बाजू सांगितल्याशिवाय हे विवेचन पूर्ण होणार नाही. ‘द लॉरेल्स’च्या आवारात ‘केके’ नावाने ओळखले जाणारे काचघर आहे. त्यात मॅथिल्ड नावाचा जुना झुलता घोडा आहे आणि ट्रूलव्ह नावाची लहान मुलांची घोडागाडी आहे. सत्तरी ओलांडलेली टपेन्स त्या गाडीत बसून उतारावरून घरंगळत जाते. १९७७ मध्ये क्रिस्टी यांचे आत्मचरित्र मरणोत्तर प्रसिद्ध झाले, तेव्हा वाचकांना कळले की ते काचघर, तो घोडा आणि ती गाडी टॉर्की येथील अ‍ॅशफील्ड या त्यांच्या बालपणीच्या घरातली होती. ते घर क्रिस्टी यांनी पुढे विकले आणि त्यांच्या हयातीतच ते पाडले गेले.

म्हणजे वयाच्या ८३व्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत क्रिस्टी गमावलेल्या घरात परत गेल्या होत्या. टपेन्स बालपणीच्या पुस्तकांविषयी पानेच्या पाने बोलते, त्यामागची ओढही यातून उलगडते. पुस्तकातील सर्वांत जिवंत भाग हाच आहे. घोड्याचे आणि गाडीचे वर्णन करताना भाषा अनिश्चित राहत नाही. तेथे प्रत्येक वस्तूला नाव आहे, जागा आहे. ज्या खुनाचा शोध घ्यायचा तो अंधुक आणि ज्या खेळण्यांचा कथेशी फारसा संबंध नाही ती मात्र लख्ख, असे हे विलक्षण चित्र आहे.

तरीही या शोधामुळे कादंबरीविषयीचा निर्णय बदलत नाही. आत्मचरित्र वाचून कादंबरी समजून घेणे हा अभ्यासकाचा आनंद आहे. १९७३ मधील वाचकाला तो उपलब्ध नव्हता आणि कादंबरीनेही तो मार्ग त्याला दाखविला नाही. त्याला रहस्यकथा देऊ केली गेली होती. मुलाने पुस्तकात लिहून ठेवलेल्या आरोपाला न्याय मिळेल, हे वचन पहिल्या प्रकरणांनी दिले होते. ज्या मुलाचे म्हणणे त्याच्या हयातीत कोणी ऐकले नाही, त्याचे म्हणणे कादंबरीनेही अर्धवटच ऐकले, ही या पुस्तकाची खरी उणीव होय. मालिकावाचकाच्या निराशेत या मुलाविषयीची हळहळही मिसळलेली असते.

समारोप

निवांत रहस्यकथा हा करमणुकीचा वाङ्मयप्रकार मानून तिच्या वाचकाच्या प्रतिक्रियेकडे दुर्लक्ष करण्याची प्रथा आहे. महाविद्यालयीन अध्यापनातही ‘मला आवडले नाही’ असे विद्यार्थ्याने म्हटल्यास त्याला बहुधा सिद्धान्ताकडे वळविले जाते. काय मिळेल असे वाटले होते आणि ते कोणत्या पानावर निसटले, हे विचारले जात नाही. प्रस्तुत विवेचनावरून असे दिसते की, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधणारा निराश वाचक समीक्षेच्या दाराशी येऊन उभा असतो. विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) मालिकावाचकाचा अपेक्षाभंग हा रुचिभेदाहून वेगळा असतो. आधीच्या पुस्तकांनी दिलेली वचने हा त्याचा निकष असल्यामुळे तो तपासता येतो, पटवून देता येतो आणि खोडूनही काढता येतो.

२) निवांत रहस्यकथेचा निवांतपणा वातावरणावर नव्हे, तर उकलीच्या खात्रीवर अवलंबून असतो. ‘पोस्टर्न ऑफ फेट’मध्ये वातावरण टिकून आहे; खात्री नाहीशी झाली आहे.

३) वार्धक्य आणि स्मृती हा विषय या अपयशाचे कारण नव्हे. त्याच लेखिकेने, त्याच पात्रांच्या साहाय्याने, ‘बाय द प्रिकिंग ऑफ माय थम्ब्ज’मध्ये हाच विषय समर्थपणे हाताळला होता. आठवण तपासली गेली की ती रहस्यकथेच्या कामी येते. न तपासलेली आठवण तिचा वेग रोखते.

४) लेखिकेच्या प्रकृतीविषयीचे ज्ञान समीक्षकाला सहृदय करते आणि ते तसे करावेही. परंतु सहृदयता म्हणजे निर्णय टाळणे नव्हे. ज्या लेखिकेने पन्नासहून अधिक वर्षे वाचकाला पुरावा पाहून निर्णय करण्यास शिकविले, तिच्या पुस्तकाविषयी पुरावा पाहून निर्णय करणे हा तिचा अनादर ठरत नाही.

‘पोस्टर्न ऑफ फेट’ वाचून खिन्न झालेला वाचक मालिकेतील पहिल्या पुस्तकाकडे परत जातो, असा अनुभव अनेकदा येतो. तेथे टॉमी आणि टपेन्स तरुण आहेत, खिशात पैसे नाहीत आणि पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नाही. वाचकाला मात्र आता ते ठाऊक असते. शेवटच्या पुस्तकाने वाचकाची निराशा केली, तरी त्याचे आधीच्या पुस्तकांवरील प्रेम कमी झालेले नसते. किंबहुना ते प्रेम शिल्लक असते म्हणूनच ही निराशा एवढी जाणवते.